अंदाज यंत्राचा, वाट माणसाची

माणूस आणि रोबोट एकाच वाटेवरून चालू लागले तर धडक कशी टाळायची, या प्रश्नाला सध्या एक उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने दिले जाते. माणूस वळण्याआधी त्याचे शरीर वळण्याची तयारी करते. मान आधी फिरते, खांदे तिच्यामागे येतात, अंगाचा भार एका पायावर झुकतो. कॅमेऱ्याने या खुणा टिपल्या आणि संगणकाने त्यांचा अर्थ लावला, की माणूस पुढच्या क्षणी कुठे असेल हे रोबोटला आधीच कळेल, आणि तो बाजूने अलगद निघून जाईल. तेव्हा कारखाना, रुग्णालय, विमानतळ आणि फुटपाथ या यंत्रांना मोकळे करून द्यायला हरकत नाही, असा हा युक्तिवाद आहे.

यातले निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. शरीर दिशा सांगते, इथपर्यंत विज्ञान भक्कम उभे आहे. ‘म्हणून यंत्राला माणसांत मोकळे सोडा’ ही पुढची उडी मात्र विज्ञानाच्या आधाराशिवाय मारलेली आहे, आणि ती चुकली तर त्याची किंमत यंत्र बनवणाऱ्याला नव्हे, पायी चालणाऱ्याला मोजावी लागेल. म्हणून हा प्रतिवाद.

आधी जे मान्य करायला हवे ते मान्य करू. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके उमटतील अशी सोय करून त्यांनी त्यांच्या हालचालींचे चित्रीकरण केले. पडद्यावर ना चेहरा दिसत होता ना अंग. काळ्या पार्श्वभूमीवर केवळ मोजके ठिपके. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्याला त्यातून काही उमगत नसे. ते हलू लागले की हा चालणारा माणूस आहे हे तो तत्काळ ओळखत असे. आपल्या चालीत किती माहिती भरलेली असते, हे त्या प्रयोगाने स्पष्ट केले.

पुढे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात आफताब पटला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवले की चालता चालता दिशा बदलायची तर बेत आदल्या पावलातच ठरावा लागतो. पाऊल एकदा टेकले की त्याच पावलात वळणे माणसाला जमत नाही, कारण अंगाचा वेग आणि तोल दोन्ही आधी वळवावे लागतात. १९९६ साली फ्रान्समध्ये आलँ बर्थोझ यांच्या गटाने कोपऱ्यावरून वळणाऱ्या माणसांचा अभ्यास केला, तेव्हा धडाच्या आधी मान वळते आणि ती आधी वळण्याचा काळ सेकंदाच्या काही दशांशांत मोजता येतो, असे त्यांना आढळले. २०१५ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये वैभव उन्हेळकर, ज्युली शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ज्ञान थेट रोबोटच्या कामाला लावले. डोक्याचे वळणे आणि शरीराच्या वेगाचा कल अशा खुणा संख्याशास्त्राच्या कसोटीवर खऱ्या उतरतात, आणि त्या हिशेबात धरल्या तर माणसाच्या पुढच्या मार्गाचा अंदाज सुधारतो, असे त्यांनी दाखवले. हे काम प्रामाणिक आहे, उपयुक्तही आहे. माझा आक्षेप त्या संशोधनावर नाही. त्यातून जे निघत नाही ते त्याच्या नावावर खपवण्याला आहे.

वाद चार प्रश्नांवर आहे. शरीर किती आधी सांगते? कोणाचे शरीर सांगते? समोर यंत्र आले की तेच शरीर तेच सांगते का? आणि सांगितलेले ऐकून यंत्राने काय करावे?

पहिला प्रश्न वेळेचा. निरोगी प्रौढ माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो आणि तेवढ्यात सव्वा ते दीड मीटर पुढे जातो. वळण्याची खूण एक-दोन पावले आधी दिसते असे धरले, तर यंत्राच्या हाती अर्धा ते एक सेकंद येतो. हा सेकंद कमी आहे की पुरेसा, हे यंत्राच्या वेगावर ठरते. ताशी पाच किलोमीटरने जाणारा छोटा रोबोट तेवढ्या वेळात १.४ मीटर जाईल. एवढ्यात त्याला थांबता येते, सरकताही येते. ताशी ४० किलोमीटरने जाणारे वाहन त्याच सेकंदात ११ मीटर कापते आणि ६० किलोमीटरने जाणारे जवळजवळ १७. त्यातच ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. म्हणजे शरीराची खूण हळू चालणाऱ्या यंत्राला वाचवते आणि वेगवान यंत्राला जवळजवळ निरुपयोगी ठरते. सुरक्षेचे बहुतेक श्रेय मंद वेगाचे असते. अंदाजाची भर त्यानंतर पडते. ‘आता आम्हाला दिशा कळते, म्हणून वेग वाढवू’ असे म्हणणारा जो आधार दाखवतो, तोच वेग वाढवताना मोडतो.

यावर उत्तर येते की अंदाजाचा पल्ला वाढवू; एक सेकंदाऐवजी चार-पाच सेकंद पुढचे सांगू. गेली अनेक वर्षे या क्षेत्रात हीच चढाओढ चालू आहे. झुरिक आणि सायप्रस येथे उंचावरून टिपलेल्या पादचाऱ्यांच्या चित्रीकरणावर शेकडो पद्धती तपासल्या गेल्या. ३.२ सेकंदांची चाल पाहायची आणि पुढच्या ४.८ सेकंदांची वाट सांगायची, अशी ती रूढ परीक्षा. २०१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेल्या ‘सोशल एलएसटीएम’ या पद्धतीपासून एकापेक्षा एक गुंतागुंतीची न्यूरल नेटवर्क्स या परीक्षेला बसली. मग २०२० साली क्रिस्टोफ शोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. माणूस आत्ता ज्या दिशेने आणि ज्या वेगाने चालला आहे तसाच पुढेही चालेल, एवढेच गृहीत धरले. या शाळकरी गणिताने त्या वेळच्या नावाजलेल्या न्यूरल नेटवर्क्सना मागे टाकले.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. बहुतेक लोक बहुतेक वेळ सरळच चालतात. त्यामुळे सरासरी चूक मोजली की ‘सरळ जाईल’ असे सांगणारा चांगल्या गुणांनी पास होतो. पण अपघात सरळ चालण्यात क्वचित होतो. तो होतो अचानक वळण्यात, थबकण्यात, मागे फिरण्यात. सरासरीच्या गुणपत्रिकेत नेमका हाच क्षण पुसला जातो. शरीराच्या खुणा वाचण्याचे समर्थक म्हणतील की म्हणूनच आम्ही माणसाला नुसता सरकता ठिपका न मानता त्याची मान आणि खांदे पाहतो. बरोबर आहे, वळणाच्या क्षणी मान-खांदेच काही सांगू शकतात. पण मग त्यांनी शरीराच्या खुणांची मर्यादाही स्वीकारली पाहिजे. बाजारात चाललेल्या बाईला मागून हाक येते आणि ती वळते. माणसाला औषध घ्यायचे राहिल्याचे आठवते आणि तो उलटा फिरतो. हाकेच्या तीन सेकंद आधी त्या बाईच्या अंगात वळण नव्हतेच. जो बेत अजून मनात ठरलेला नाही, तो शरीरात उमटणार कुठून? इथे कमतरता कॅमेऱ्याची नाही, माहितीच्या साठ्याची नाही, संगणकाच्या ताकदीचीही नाही. वाचायला हवा तो मजकूर अजून लिहिलेलाच नाही.

एमआयटीच्या २०१५ च्या अभ्यासात चालणाऱ्यांना पोहोचण्याची ठिकाणे आधी नेमून दिलेली होती, आणि त्यांच्या हालचाली प्रयोगशाळेत टिपल्या होत्या. अभ्यासकांनी हे लपवले नाही, आणि पहिल्या पायरीवर असेच करावे लागते. पण ठरलेल्या ठिकाणांपैकी माणूस कुठे चालला आहे हे ओळखणे आणि रस्त्यावरचा कोणीही माणूस कुठेही जाऊ शकतो अशा स्थितीत त्याची दिशा ओळखणे, ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिल्यात मिळालेले यश दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

दुसरा प्रश्न, कोणाचे शरीर? ‘आधी मान वळते’ हा नियम निरोगी, मोकळ्या हातांनी चालणाऱ्या प्रौढ माणसाचा आहे. पार्किन्सन्सच्या अनेक रुग्णांत मान, खांदे आणि कंबर जणू एकसंध होऊन एकदमच वळतात. डॉक्टर हे त्या आजाराचे एक लक्षण म्हणून पाहतात. म्हणजे ज्या खुणेवर यंत्राची भिस्त, ती खूणच इथे नाही. मानेला पट्टा बांधलेला माणूस, काठीने वाट चाचपत जाणारी दृष्टिहीन व्यक्ती, कुबड्यांवर चालणारा, आईचा हात सोडून पळणारे पोर, या प्रत्येकाच्या शरीराची वळण्याची रीत वेगळी. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर पाऊलच नाही. त्याचे वळण चाकांच्या दोन बाजूंच्या वेगातल्या फरकात असते. आपल्याकडे डोक्यावर ओझे वाहणारे लाखो लोक आहेत. मासळीची पाटी घेतलेली कोळीण, स्टेशनवरचा हमाल, लांबलचक लाकडी खोक्यात डबे घेऊन गर्दीतून वाट काढणारा मुंबईचा डबेवाला यांना मान मोकळेपणी फिरवताच येत नाही. ओझ्याचा तोल सांभाळत ते सगळे अंगच वळवतात. आणि शरीर खोटेही बोलू शकते: कबड्डीत चढाई करणारा एका बाजूला झेपावल्याचे भासवतो आणि हात दुसऱ्याच गड्याला लावतो.

ज्यांच्या शरीराची भाषा यंत्राला येत नाही, त्यातले बहुतेक लोक धडक टाळण्यातही मागे असतात. म्हाताऱ्याला पटकन बाजूला होता येत नाही, व्हीलचेअरला फुटपाथवरून उडी मारता येत नाही. म्हणजे यंत्राची चूक जिथे होण्याची शक्यता जास्त, तिथेच तिचा परिणामही जास्त गंभीर. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या परिसरात याचा अनुभव आला. रस्ता ओलांडून फुटपाथवर चढू पाहणाऱ्या व्हीलचेअरवरील विद्यार्थिनीच्या वाटेत, चढायच्या उतारावरच, खाद्यपदार्थ पोहोचवणारा रोबोट थांबून राहिला. सिग्नल बदलत होता आणि ती रहदारीच्या रस्त्यावर अडकली होती. तिने ही गोष्ट जाहीरपणे मांडल्यावर विद्यापीठाने या रोबोटांची चाचणी काही काळ थांबवली. तो रोबोट कोणावर आदळला नव्हता. ‘शंका आली की थांब’ एवढेच शिकलेल्या यंत्राने चुकीच्या जागी थांबूनच तिला धोक्यात टाकले.

शरीराची भाषा प्रदेशागणिक बदलते, हेही विसरता येत नाही. उज्ज्वल चटराज, आर्मिन सायफ्रीड आणि पार्थ चक्रवर्ती यांनी २००९ साली भारतीय आणि जर्मन पादचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. एकापाठोपाठ एक चालताना भारतीय लोक आपल्या आणि पुढच्याच्या मध्ये जर्मन लोकांपेक्षा कमी जागा सोडतात, आणि गर्दी वाढली तरी त्यांचा वेग जर्मन लोकांइतका घटत नाही, असे त्यात दिसले. हे दोन वेगळ्या सवयींचे मोजमाप आहे, त्यात उणेअधिक काही नाही. पण जर्मन अंतरांवर शिकलेल्या यंत्राला आपल्या रेल्वे पुलावरची रोजची दाटी हा धोका वाटेल, आणि आपल्याकडे शिकलेले यंत्र तिकडच्या माणसाच्या अंगाला खेटून जाईल. आपल्याकडचा पादचारी वाहनांच्या प्रवाहात तळहात पुढे करून, वाहनचालकाकडे पाहत रस्ता ओलांडतो. त्या हाताचा अर्थ ‘मी निघालो आहे, तू थांब’ असा असतो, आणि तो आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळतो. ज्या माहितीच्या साठ्यात तो हात नाही, त्यावर शिकलेल्या यंत्राला तो कसा कळावा?

तिसरा प्रश्न सर्वांत खोल आहे, आणि या युक्तिवादाचे समर्थक त्याला सहसा हात घालत नाहीत. अंदाज बांधणारा जणू खिडकीत बसून रस्ता पाहतो आहे, अशा पद्धतीने ते बोलतात. पण रोबोट त्या रस्त्यावरच आहे. तो पुढे सरकला की माणूस बिचकतो, थांबतो, बाजूला होतो. म्हणजे ज्या वाटेचा अंदाज बांधायचा, ती वाट अंदाज बांधणाऱ्यामुळेच बदलते. पीटर ट्राउटमन आणि आंद्रेआस क्राउझे यांनी २०१० सालीच हे मांडले. गर्दीतल्या प्रत्येक माणसाच्या वाटेचा स्वतंत्र अंदाज बांधणाऱ्या रोबोटला सगळ्या वाटा बंद दिसू लागतात आणि तो जागीच गोठतो. त्यांचा मुद्दा इथे थांबत नाही. प्रत्येकाचा अंदाज अचूक असला, तरीही दाट गर्दीत हा पेच सुटत नाही, असे त्यांनी दाखवले. गर्दीतली माणसे एकमेकांना वाट करून देतात. ही देवघेव हिशेबात धरल्याखेरीज वाट सापडत नाही. ‘अंदाज सुधारला की प्रश्न सुटला’ या दाव्याला याच क्षेत्राने इतक्या लवकर उत्तर दिलेले आहे.

ही देवघेव चालते कशी, याचा एक सुंदर पुरावा जपानमधून आला. हिसाशी मुराकामी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांचे दोन गट समोरासमोरून एकमेकांतून पार जायला लावले. एरवी अशा गर्दीत आपोआप रांगा पडतात आणि माणसे न धडकता निघून जातात. मग एका गटातल्या फक्त तिघांना चालता चालता मोबाइलवर काम करायला सांगितले. हे तिघे आघाडीवर असताना रांगा पडायला उशीर झाला, आणि ज्यांचे लक्ष पूर्ण जागेवर होते अशा लोकांच्या चालीतही गोंधळ माजला. धडक टाळणे हे एकट्याचे कौशल्य नाही, दोघांनी मिळून करायचे काम आहे, असा त्यातून निघणारा निष्कर्ष. फिनलंडमधील लाउरी नुम्मेनमा यांच्या गटाने २००९ साली यातला एक धागा दाखवला होता: समोरून येणारा कुठे पाहतो आहे हे आपण टिपतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूने जातो.

आता रोबोट पाहा. त्याला तुमची मान दिसते, खांदे दिसतात, पावले दिसतात. तुम्हाला त्याचे काय दिसते? नजर नाही, खांदा नाही, भार झुकवणारा पाय नाही. चाकांवरची पेटी कोणत्याही क्षणी कुठेही वळू शकते आणि वळण्याआधी काहीच सांगत नाही. दोघांच्या देवघेवीतली एक बाजू अशी मुकी झाली, की सगळे जुळवून घेणे माणसावर पडते. मला या तंत्रज्ञानाच्या सध्याच्या दिशेत सर्वांत खटकते ते हेच. माणसाला यंत्रासाठी अधिकाधिक उघडे करायचे, आणि यंत्र माणसाला कळावे म्हणून फारसे काही करायचे नाही, हे संशोधनाचे वजन चुकीच्या पारड्यात टाकणे आहे. दुसरी वाट माहीत नाही असेही नाही. आंका द्रागान, केंटन ली आणि सिद्धार्थ श्रीनिवास यांनी २०१३ साली स्पष्ट मांडले की यंत्राची हालचाल नुसती कार्यक्षम असून भागत नाही. पाहणाऱ्याला तिचा हेतू लवकर कळेल अशी ती मुद्दाम आखावी लागते, मग त्यासाठी थोडा वळसा पडला तरी चालेल. या कामाला मिळायला हवे तेवढे महत्त्व उत्पादकांनी अजून दिलेले नाही.

चौथा प्रश्न, ऐकलेल्याचे यंत्राने काय करावे? इथे १८ मार्च २०१८ ची रात्र आठवावीच लागते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टेंपी शहरात उबर कंपनीच्या स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीत जे निघाले, ते या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवे. गाडीच्या यंत्रणेला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण ती कोण आहे हे यंत्रणेला ठरवता येईना. कधी वाहन, कधी ‘इतर’, कधी सायकल. प्रत्येक वेळी ओळख बदलली की आधीच्या हालचालीचा इतिहास बाजूला पडे आणि वाटेचा अंदाज नव्याने सुरू होई. पादचाऱ्यांसाठी आखलेल्या जागेखेरीज कोणी रस्ता ओलांडेल, ही शक्यता त्या यंत्रणेच्या रचनेत धरलेलीच नव्हती. धडक अटळ असल्याचे कळले तेव्हा जेमतेम सव्वा सेकंद उरला होता, आणि खोट्या इशाऱ्यांनी गाडी उगाच ब्रेक मारू नये म्हणून घातलेल्या एका सेकंदाच्या विलंबात तोही जवळजवळ संपला. गाडीत बसलेली देखरेख करणारी व्यक्ती रस्त्याकडे पाहत नव्हती, हे मंडळाने अपघाताचे प्रमुख कारण ठरवले, आणि कंपनीच्या सुरक्षेच्या हलगर्जीपणावरही बोट ठेवले.

त्या गाडीला महिला दिसली नाही असे झाले नाही. दिसूनही गाडीने वेग कमी केला नाही, कारण वेग कमी करण्याआधी ‘ही कोण, आणि कुठे चालली आहे’ याचे समाधानकारक उत्तर तिला हवे होते. अंदाज हा सावधपणाचा आधार करण्याऐवजी सावधपणाची अट केली, की असे होते. समोर काहीतरी आहे आणि ते काय करील हे कळत नाही, हेच वेग कमी करण्याचे पुरेसे कारण आहे.

कारखान्यातल्या यंत्रांचे नियम लिहिणाऱ्यांना हे केव्हाच कळले होते. माणूस यंत्राजवळ येत असताना किती अंतर राखावे हे ठरवणाऱ्या आयएसओ १३८५५ या मानकात चालणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरला जातो. माणसासोबत काम करणाऱ्या रोबोटसाठी २०१६ साली आलेल्या आयएसओच्या तपशीलपत्रातही, माणसाचा वेग मोजला जात नसेल तर तो याच वेगाने आणि अंतर सर्वांत जास्त घटेल अशा दिशेने येतो आहे असे धरायला सांगितले आहे. माणसाच्या मनात काय आहे, हा प्रश्न या नियमात नाही. तो सर्वांत वाईट दिशेने आला तरी वाचला पाहिजे, एवढेच आहे. भिंतीआडच्या, प्रशिक्षित कामगारांच्या जागेत जर ही खबरदारी, तर म्हातारे, मुले, पाहुणे आणि अनोळखी लोक वावरतात त्या रस्त्यावर ती सैल करण्याचा अधिकार कोणी दिला?

समर्थकांचे दोन आक्षेप उरतात आणि त्यांना उत्तर देणे योग्य होईल. पहिला असा की माणसेही चुकतात. माणूस चालवतो त्या गाड्यांखाली दरवर्षी असंख्य लोक मरतात; यंत्राकडून मात्र अचूकतेची अपेक्षा का? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यात ३२,८२५ पादचारी होते. हे आकडे लाजिरवाणे आहेत. पण ते यंत्राच्या बाजूने साक्ष देत नाहीत. ते एवढेच सांगतात की पायी चालणाऱ्यावर आधीच असह्य धोका लादलेला आहे आणि त्यात नव्या धोक्याची भर घालणाऱ्याने जास्त कडक परीक्षा दिली पाहिजे. शिवाय माणूस चुकला तर त्याला जाब विचारता येतो. यंत्राचा अंदाज चुकला की ‘पादचाऱ्याने अनपेक्षित हालचाल केली’ असे म्हणून दोष मेलेल्यावर ढकलण्याची सोय तयार होते. कोणाची हालचाल अपेक्षित हे यंत्र बनवणाऱ्याने ठरवायचे, आणि त्यात न बसणाऱ्याने दोष पत्करायचा, हे मान्य होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की इतके सावध यंत्र कामाचेच राहणार नाही. हे खरे नाही. शरीराच्या खुणांचा उपयोग मी नाकारत नाही; तो एकाच दिशेने व्हावा असे म्हणतो. अंदाजाने यंत्राला अधिक सावध करावे, कमी सावध कधीच करू नये. माणूस डावीकडे वळेल असे वाटले तर रोबोटने आधीच हळू व्हावे, जागा सोडावी. असे केल्याने अचानक ब्रेक टळतात, माणूस दचकत नाही, आणि रोबोटचे कामही एकंदरीत सुरळीत होते. पण ‘तो डावीकडे जाईल असे वाटते, म्हणून मी उजवीकडून त्याला घासून वेगात जातो’ ही परवानगी अंदाजाने मिळता कामा नये. अंदाज खरा ठरला तर यंत्राचे एक-दोन सेकंद वाचतील, खोटा ठरला तर माणसाचे हाड मोडेल. हा सौदा बरोबरीचा नाही.

आणखी एक गोष्ट समर्थकांकडून मुळीच ऐकू येत नाही. दिशा सांगणारी चाल माणसाची ओळखही सांगते. जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी १९७७ साली दाखवले की नुसत्या प्रकाशबिंदूंच्या चालीवरून लोक आपल्या ओळखीच्या माणसांना ओळखू शकतात. त्यानंतर चालीवरून व्यक्ती ओळखणारी यंत्रणा विकसित झाली आणि वापरातही आली. फुटपाथवरून फिरणारा रोबोट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चाल टिपत असेल, तर ती किती क्षण ठेवतो, कोणाला देतो आणि केव्हा पुसतो, हे विचारण्याचा हक्क रस्त्यावरच्या प्रत्येकाला आहे. दिशा ओळखायला एका सेकंदाची हालचाल लागते. तो सेकंद सरला की ती माहिती ठेवायचे कारण उरत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. माणसांत फिरणाऱ्या यंत्राचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच ठेवावा. अंदाजाची गुणपत्रिका सरासरीने दाखवू नये. वळताना, थबकताना, मागे फिरताना किती चुका झाल्या ते वेगळे सांगावे, आणि म्हातारे, मुले, व्हीलचेअर, काठी, डोक्यावरचे ओझे अशा प्रत्येकासाठी वेगळे सांगावे. ज्या शहरात यंत्र आणायचे त्या शहराच्या माणसांवर ते तपासलेले असावे. वळण्याआधी, निघण्याआधी, थांबण्याआधी यंत्राने आपला बेत समोरच्याला कळेल असा दाखवावा, आणि तो कळतो की नाही हे अभियंत्यांनी नव्हे, रस्त्यावरच्या लोकांनी ठरवावे. टिपलेली चाल लगेच पुसावी. आणि धडक झाली तर माणसाच्या हालचालीला अनपेक्षित म्हणून यंत्राच्या मालकाला सुटता येऊ नये.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१७ च्या डिसेंबरमध्ये फुटपाथवरच्या रोबोटांची संख्या आणि जागा कडक मर्यादेत बांधली. टोरांटोने २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांना फुटपाथवर मनाई केली, आणि त्यामागे अपंग व्यक्तींच्या सुरक्षिततेचा आग्रह होता. आपल्याकडे फुटपाथ आधीच मोडके, अडलेले आणि अरुंद. इथे अशी यंत्रे आणण्याचा प्रस्ताव महापालिकेसमोर येईल, तेव्हा त्यासोबत नक्कीच एक चित्रफीत असेल आणि त्यात माणसाची मान वळताच रोबोट नम्रपणे बाजूला होताना दिसेल. ती चित्रफीत खरीच असेल. नगरसेवकांनी आणि नागरिकांनी ती पाहून एवढेच विचारावे: मान न वळवता वळणारा माणूस आला तर हे यंत्र काय करते ते दाखवा. त्याचे उत्तर मिळेपर्यंत परवानगी देऊ नये.